गुठळी निघाली, पण धमनीच्या भिंतीचं काय?

मधलीरेघ (धागाकर्ता)

पक्षाघातात मेंदूच्या मोठ्या धमनीत अडकलेली गुठळी जांघेतून नळी नेऊन काढायची, या थ्रोम्बेक्टमीला २०१५ साली पाच चाचण्यांनी भक्कम आधार दिला: मिस्टर क्लीन, एस्केप, एक्स्टेंड-आयए, स्विफ्ट प्राइम आणि रेव्हास्कॅट. पाचही एकत्र करून १,२८७ रुग्णांचं हर्मीस विश्लेषण पुढच्या वर्षी आलं. त्यात रुग्णाची अवस्था बिघडवणारा मेंदूतला रक्तस्राव थ्रोम्बेक्टमीच्या गटात ४.४ टक्के आणि नुसत्या औषधांच्या गटात ४.३ टक्के होता. हा आकडा व्याख्यानांतून इतका फिरतो की ऐकणाऱ्याला वाटतं, धमनीला काही होतच नाही.

पण सोलवटलेलं अस्तर, ताणून तुटलेली बारीक फांदी, मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या भिंतीचे सुटलेले पदर, आकसलेली वाहिनी यांतलं बरंचसं त्या आकड्यात येत नाही. इथे त्याबद्दल बोलू. रुग्णांची ओळख पटेल असं काही लिहू नका, आणि कुणी स्वतःच्या घरच्या रुग्णासाठी इथून सल्ला उचलू नका.

सुरुवात रचनेपासून. मेंदूच्या धमन्या दंडातल्या किंवा मांडीतल्या धमन्यांसारख्या नसतात. कवटीत शिरल्यावर मधला स्नायूचा थर आणि बाहेरचं आवरण दोन्ही पातळ होतात, बाहेरचा लवचीक पडदा जवळपास नाहीसाच होतो. भिंतीची बरीचशी ताकद आतल्या लवचीक पडद्यावर येते, आणि स्टेंटच्या (गुठळी पकडून ओढणाऱ्या जाळीच्या) तारा घासतात त्या नेमक्या त्याच बाजूनं. शिवाय या धमन्यांना बाहेरून मांसाचा किंवा चरबीचा टेकू नाही, त्या मेंदूजलात तरंगतात. मांडीत भोक पडलं तर आजूबाजूच्या ऊती दाब देतात. इथे रक्त थेट मेंदूच्या आवरणाखाली पसरतं.

मापंही ध्यानात ठेवा. मेंदूच्या मधल्या धमनीचं पहिलं खोड, म्हणजे एम१, साधारण २.५ ते ३ मिमी, त्याच्या फांद्या, म्हणजे एम२, सुमारे २ मिमी, पुढे (एम३) त्याहून कमी. एम१च्या वरच्या-मागच्या अंगातून निघणाऱ्या लेंटिक्युलोस्ट्रायेट फांद्या तर १ मिमीच्याही आतल्या. कॅरोटिड कवटीच्या तळाशी हाडात जखडलेली असते, एम१ मात्र मोकळी. स्टेंट ओढला की एम१ सरळ होऊन खाली खेचली जाते, आणि या फांद्या एका टोकाला मेंदूत रुतलेल्या असल्यामुळे ताणल्या जातात. तारेनं कुठेही भोक पडलेलं नसताना सिल्व्हियन फटीत (मेंदूच्या बाजूच्या खोल घडीत) रक्त दिसतं, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

तारांगण

कॅथलॅबच्या (ही प्रक्रिया होते त्या खोलीच्या) बाजूनं लिहितो. भोक पडण्याचे सगळ्यात धोक्याचे क्षण दोन: गुठळी ओलांडताना आणि स्टेंट उघडताना.

नेहमीचा संच असा: जांघेत ८ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) शीथ म्हणजे प्रवेशनळी, त्यातून बलून गाइड (टोकाला फुगा असलेली वाटाडी नळी) किंवा ०.०८८ इंची लांब शीथ कॅरोटिडमध्ये, त्यातून ०.०६८ ते ०.०७४ इंची सक्शन कॅथेटर (गुठळी शोषणारी नळी), त्यात ०.०२१ इंची मायक्रोकॅथेटर, आणि त्यात ०.०१४ इंची तार. गुठळीच्या पलीकडे डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव) जात नाही, म्हणून पलीकडची वाहिनी पडद्यावर दिसत नाही. तार आंधळेपणानं पुढे जाते. सरळ टोकाची तार अशा वेळी मुख्य फांदी सोडून एखाद्या बारीक छिद्रात शिरते आणि नंतरचा धक्का थेट भिंतीला बसतो.

उपाय साधे आहेत, पण घाईत सुटतात. तारेचं टोक इंग्रजी जे अक्षरासारखं वळवून, वळणाच्या बाजूनं पुढे न्यायचं. वळलेलं टोक बारीक फांदीत शिरत नाही. शक्य असेल तिथे तार मागे ठेवून मायक्रोकॅथेटरच गुठळीतून सरकवायचं. प्रक्रियेआधीच्या सीटी अँजिओत पलीकडच्या फांद्या आडमार्गानं भरलेल्या दिसतात. ते चित्र शेजारच्या पडद्यावर उघडं ठेवायचं, कारण तार कुठे जायला हवी याचा तेवढाच नकाशा हाताशी असतो. ओलांडल्यावर मायक्रोकॅथेटरमधून मागे रक्त येतंय का ते बघून मगच अगदी थोडा डाय, तोही हळू. टोक भिंतीला टेकलेलं असताना जोरात डाय मारला तर तेवढ्यानंही भिंत फाटू शकते.

स्टेंट उघडताना स्टेंटची तार स्थिर धरून मायक्रोकॅथेटर मागे घ्यायचं. उलट केलं, म्हणजे कॅथेटर धरून स्टेंट पुढे ढकलला, तर टोक उसळी मारून पुढच्या फांदीत घुसतं. जाळी भिंतीशी नीट बसावी म्हणून काही जण अर्धा स्टेंट उघडल्यावर मुद्दाम हलका पुढचा दाब देतात. त्यात हरकत नाही, पण तो दाब आधी टोक पक्कं बसल्यावरच.

मग ३ ते ५ मिनिटं थांबायचं, गुठळी जाळीत रुतते. आणि ओढण्याआधी कॅथेटरमधला ढिलेपणा काढून टाकायचा. तो तसाच राहिला तर हात ओढतो, आत काहीच हलत नाही, आणि मग सगळा ताण एका झटक्यात धमनीवर जातो.

खडूसपरीक्षक

मग स्टेंट सोडूनच द्या ना. नुसतं सक्शन करा. स्टेंट आणि सक्शनची तुलना करणाऱ्या २०१७च्या ॲस्टर आणि २०१९च्या कंपास या दोन्ही चाचण्या सांगतात की निकालात फरक नाही. भिंतीला घासणारी जाळीच नको.

सूक्ष्मदर्शी

खडूस, निकाल सारखे म्हणून जखम सारखी किंवा शून्य, असं होत नाही.

प्राण्यांच्या, मुख्यतः डुकरांच्या धमन्यांवर दोन्ही पद्धतींचा अभ्यास झालाय. स्टेंट ओढल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली आतलं अस्तर पट्ट्यापट्ट्यांनी खरवडलेलं दिसतं, आतला लवचीक पडदा जागोजागी तुटलेला, मधल्या थरात सूज. खेपा (ओढण्याचे प्रयत्न) वाढल्या की जखमेची खोली वाढते. सक्शनमध्ये जखम लांबट नसते, पण कॅथेटरचं तोंड जिथे चिकटतं तिथे अस्तर आत ओढलं जातं. म्हणजे सक्शन सौम्य असेल, निर्दोष नाही.

अस्तर गेलं की खालचं कोलॅजन उघडं पडतं आणि त्यावर प्लेटलेट चिकटतात. धमनी उघडल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा बंद होते त्यात याचा वाटा असतो. ज्यांच्या धमनीत मुळातच चरबीचा थर आहे त्यांच्यात तर जास्तच.

नितिनॉल_४०

उपकरणांच्या अंगानं दोन मुद्दे.

पहिला मापाचा. नितिनॉलची (मूळ आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूची) जाळी बंद नळीतून सुटली की स्वतःच्या मूळ व्यासाकडे झेपावते. ४ मिमीचा स्टेंट ३ मिमीच्या एम१मध्ये आणि तोच २ मिमीच्या एम२मध्ये यात भिंतीवरचा दाब बराच वेगळा पडतो. लांबीचंही तसंच. ४० मिमी लांबीच्या स्टेंटला गुठळी लवकर सापडते, पण घासणारी लांबी दुप्पट, आणि वळणावर तो वाहिनी सरळ करायला बघतो. टोकाकडच्या वाहिनीत ३ बाय २० किंवा त्याहून लहान. ६ मिमीचा स्टेंट कॅरोटिडच्या टोकाला ठीक, एम२मध्ये नेण्याचं काही कारण नाही.

दुसरा गुठळीचा. लाल पेशींची गुठळी मऊ असते, सीटीवर पांढरी ठळक दिसते आणि बहुधा पहिल्या-दुसऱ्या खेपेत येते. फायब्रिनची फिकट गुठळी चिवट असते आणि भिंतीशी जास्त घासते, म्हणून ओढायला जास्त जोर लागतो. झडपेवरून सुटलेला चुन्याचा खडा तर सगळ्यात वाईट. जाळी त्यात रुतत नाही, ती त्याच्या आणि भिंतीच्या मधून सरकते. सीटीत असा खडा दिसला तर पहिल्यापासून सक्शन, आणि खेपांची मर्यादा आधीच ठरवून.

तारांगण

सक्शनबद्दल माझाही मुद्दा आहे. ०.०७ इंचाचं कॅथेटर कॅरोटिडच्या वळणावर, ऑप्थाल्मिक धमनीच्या तोंडाशी अडकतं, कारण आतली तार बारीक आणि बाहेरचं कॅथेटर रुंद, मध्ये पायरी तयार होते. इथे जोर लावला की पदर सुटतो. कॅथेटर थोडं मागे घेऊन, फिरवून, आतून जाडसर मायक्रोकॅथेटर किंवा निमुळतं आतलं कॅथेटर घालून पायरी बुजवायची. किंवा स्टेंट आधी उघडून त्याचा नांगर करायचा आणि त्यावरून कॅथेटर चढवायचं. मात्र नांगरावर ताण येतोय हे विसरायचं नाही.

पंप चालू केल्यावर नळीत रक्ताचा प्रवाह थांबला म्हणजे तोंड गुठळीला चिकटलं. दोनेक मिनिटं तसंच ठेवून मग हळू मागे. प्रवाह चालूच राहिला तर तोंड गुठळीवर नाही, आणि तसं रक्त ओढत राहण्यात अर्थ नाही.

बलून गाइड मानेतल्या कॅरोटिडमध्ये फुगवताना डाय आणि सलाइन निम्मं-निम्मं, १ मिलीच्या सिरिंजनं, पडद्यावर बघत. फुग्याच्या कडा भिंतीला समांतर झाल्या की थांबायचं. वाहिनीच्या आकारात फुगा लांबोळा दिसायला लागला म्हणजे जास्त झालं. आणि फुगा फुगलेला असताना गाइड पुढे-मागे करायचं नाही. मानेतले पदर सुटण्याचं हे ठरलेलं कारण.

मधलीरेघ

खेपांचा प्रश्न वर आलाच आहे. सॉलिटेअरच्या सूचनापत्रातच एका वाहिनीत तीनपेक्षा जास्त प्रयत्न करू नका असं लिहिलंय. सराव म्हणून मी तिसऱ्या खेपेनंतर घड्याळ थांबवावं या मताचा आहे. म्हणजे हात बाजूला, पूर्ण अँजिओ, आणि तीन प्रश्न: गुठळी हलली का? मूळ रोग गुठळीचा की अरुंद झालेल्या धमनीचा? आणि उरलेल्या भागाचं काम काय?

किती भाग पुन्हा रक्तानं भरला हे मोजणाऱ्या eTICIला आपण विस्तारित टिकी श्रेणी म्हणू. २बी५० म्हणजे निम्मा ते दोन तृतीयांश भाग भरला, २बी६७ म्हणजे ८९ टक्क्यांपर्यंत, २सी म्हणजे ९० ते ९९. पहिल्याच खेपेत २सी किंवा ३ मिळालेल्यांचे निकाल सर्वांत चांगले असतात हे अनेकदा दिसलंय. त्यावरून पाचव्या-सहाव्या खेपेत मिळवलेला ३ही तितकाच मोलाचा, असा निष्कर्ष लोक काढतात. तो बरोबर नाही. २बी६७ मिळालंय, उरलेली एम३ फांदी फारशा महत्त्वाच्या भागाला जात नाही, तर थांबायचं. तीच फांदी प्रबळ बाजूच्या वाचेच्या किंवा हाताच्या भागाची असेल तर हिशेब वेगळा.

खडूसपरीक्षक

याला जोड. फेब्रुवारी २०२५मध्ये डिस्टल आणि एस्केप-मेव्हो या दोन चाचण्या आल्या, मध्यम आणि टोकाकडच्या धमन्यांवरच्या. दोन्हींत रुग्णाच्या स्वावलंबनात फायदा दिसला नाही, आणि रुग्ण बिघडवणारा रक्तस्राव डिस्टलमध्ये ५.९ विरुद्ध २.६ टक्के, एस्केप-मेव्होत ५.४ विरुद्ध २.२ टक्के. हर्मीसमधली बरोबरी इथे मोडली. मोठ्या धमनीत भिंतीची जखम फायद्याखाली झाकली जाते, दीड-दोन मिमीच्या वाहिनीत झाकायला तेवढा फायदाच नसतो.

नितिनॉल_४०

सहमत, पण सगळा दोष भिंतीवर टाकू नका. टोकाकडच्या वाहिन्यांत रक्त पुन्हा सुरू होण्याचं प्रमाणही एम१पेक्षा कमी होतं आणि उपचार सुरू व्हायला वेळही लागला. खेप करून धमनी न उघडणं म्हणजे जखम घेऊन रिकाम्या हातानं परतणं.

खडूसपरीक्षक

तेच म्हणतोय, फक्त तुम्ही जरा सौम्य शब्दांत.

भूलभुलैया

भुलेकडून. पूर्ण भूल की नुसती गुंगी हा वाद सिएस्टा, अ‍ॅनस्ट्रोक, गोलायथ या चाचण्यांनी बराच शमवला. नीट दिलेली पूर्ण भूल वाईट नाही. भिंतीच्या दृष्टीनं मुद्दा हालचालीचा आहे. गुंगीतला बोबडा, गोंधळलेला रुग्ण गुठळी ओलांडताना डोकं फिरवतो आणि रोडमॅप (पडद्यावर गोठवलेला धमनीचा नकाशा) बिनकामाचा होतो. मेंदूच्या डाव्या बाजूचा झटका, वाचा गेलेली, अस्वस्थ असा रुग्ण असेल तर निदान ओलांडण्याच्या वेळी पूर्ण भूल बरी.

भोक पडल्याची पहिली खूण कधीकधी आमच्या पडद्यावर दिसते. भुलेतल्या रुग्णाचा रक्तदाब एकदम चढतो आणि नाडी मंद होते. अशा वेळी 'भूल हलकी झाली' म्हणून औषध वाढवण्याआधी ऑपरेटरला सांगा आणि एक डाय मारून बघा.

हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलं असेल तर त्याचा उतारा प्रोटामिन, १०० युनिट हेपरिनला १ मिग्रॅ या हिशेबानं, हळू, कमाल ५० मिग्रॅ. झपकन दिलं तर रक्तदाब कोसळतो. खरं म्हणजे हेपरिनचा बोलस देण्याची सवयच सोडावी. २०२२च्या मिस्टर क्लीन-मेड चाचणीत प्रक्रियेच्या वेळी दिलेल्या हेपरिननं आणि अ‍ॅस्पिरिननंही असा रक्तस्राव जवळपास दुप्पट झाला, चाचणी मध्येच थांबवावी लागली. फ्लशच्या सलाइनमध्ये असतं तेवढं पुरे.

गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज चालू असेल तर ताबडतोब बंद. फायब्रिनोजेनची (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची) तपासणी पाठवून क्रायोप्रेसिपिटेट (ते प्रथिन असलेला रक्तघटक) १० युनिट १० ते ३० मिनिटांत, फायब्रिनोजेन डेसिलिटरमागे १५० मिग्रॅच्या खाली असेल तर आणखी. क्रायोप्रेसिपिटेट नसेल तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम १० मिनिटांत. त्याच जातीचं टेनेक्टेप्लेज एकाच बोलसमध्ये गेलेलं असतं, ते बंद करण्यासारखं काही उरत नाही, उलटवण्याची औषधं मात्र तीच.

मधलीरेघ

भोक पडल्यावर हातानं काय करायचं ते पूर्ण करतो.

पहिली गोष्ट: जे आत आहे ते बाहेर ओढायचं नाही. मायक्रोकॅथेटर भिंतीबाहेर गेलेलं असेल तर तेच त्या भोकाचं बूच आहे. घाबरून मागे घेतलं की गळती सुरू. दुसरी: बलून गाइड असेल तर फुगवा, प्रवाह थांबेल. नसेल तर मऊ फुगा भोकाच्या अलीकडे. पाच मिनिटं थांबून फुगा सोडा, पुन्हा डाय मारून बघा. तिसरी: गळती चालूच असेल तर त्याच मायक्रोकॅथेटरमधून १-२ मिमीच्या बारीक कॉइल. पहिलं वेटोळं बाहेर, उरलेलं वाहिनीत, अशी ती फांदी बंद करायची. कॉइल जात नसेल तर ग्लू. फांदी गमावली तरी चालते. मग टेबलावरच फ्लॅट पॅनल सीटी, आणि मेंदूतले जलकोष फुगत असतील तर न्यूरोसर्जनला बोलावून निचरा नळी.

गुठळी अजून जागच्या जागी असताना तारेनं भोक पडलं तर कधीकधी रक्त फारसं येत नाही, कारण गुठळीच प्रवाह अडवून बसलेली असते. तिथे पुढे जाऊन गुठळी काढली की पूर्ण दाब भोकावर येतो. यावर मतभेद आहेत. मी म्हणेन, आधी भोक बंद, मग गुठळीचा विचार.

भोक पडण्याचं प्रमाण वेगवेगळ्या मालिकांत साधारण १ ते ५ टक्क्यांमध्ये येतं. पण पडलेल्यांत मृत्यू निम्म्याच्या आसपास किंवा जास्त. म्हणून हे सगळं सामान, म्हणजे बारीक कॉइल, मऊ फुगा, प्रोटामिन, प्रक्रिया सुरू होण्याआधी खोलीत हवं. कपाटाची किल्ली शोधायला वेळ नसतो.

आकसलेल्या वाहिनीचं सोपं आहे. बहुतेकदा कॅथेटर आणि स्टेंट मागे घेऊन पाच-दहा मिनिटं थांबलं की सुटते. नाहीच तर धमनीतून निमोडिपिन १-२ मिग्रॅ अगदी हळू, रक्तदाबाकडे लक्ष ठेवून. आकसलेल्या वाहिनीत पुढची खेप मात्र करू नका. जाळी तिथे घट्ट बसते.

डावीकडून

एक प्रश्न. भारतीयांत, एकूणच आशियाई लोकांत, कवटीतल्या धमन्यांचं अरुंद होणं पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतं. मूळ कारण तेच असेल तर स्टेंट ओढणं म्हणजे खपलीवरून खरवडणंच नाही का? आधी ओळखता येतं का?

मधलीरेघ

बऱ्याचदा येतं, पण एका खुणेवर विसंबू नका. हृदयातून आलेली गुठळी फाट्यावर अडकते. अरुंद धमनीतला अडथळा एम१च्या किंवा बेसिलर धमनीच्या (मेंदूच्या मागच्या भागाच्या) मधल्या खोडात असतो आणि फाट्याच्या दोन्ही फांद्या पुढे मोकळ्या दिसतात. गुठळीचं टोक पंजासारखं किंवा वाटीसारखं, अरुंदीचं निमुळतं. साध्या सीटीवर ठळक पांढरी रेघ नसते. नाडी नियमित, मधुमेह, जुने छोटे पक्षाघात, आडमार्गाचा रक्तपुरवठा चांगला. सगळ्यात उपयोगी खूण प्रक्रियेतच मिळते. मायक्रोकॅथेटर आरपार नेऊन मागे घेतलं की काही क्षण पुढे रक्त वाहतं आणि पुन्हा मंदावतं.

अशा वेळी एक खेप ठीक आहे, वर साठलेली ताजी गुठळी निघते. मग १० ते २० मिनिटं थांबून पुन्हा अँजिओ. वाहिनी टिकली तर हात लावू नका. पुन्हा बंद होत असेल तर टिरोफिबान (प्लेटलेट चिकटू न देणारं औषध), आणि त्यावरही नाही टिकली तर फुगा, वाहिनीच्या मापाच्या ८० टक्के, हळूहळू फुगवून. मग गरजेप्रमाणे कायमचा स्टेंट. तिसरी-चौथी ओढ इथे सगळ्यात वाईट निर्णय.

भूलभुलैया

आणि टिरोफिबान सुरू करण्याआधी शिरेतून विरघळवणारं औषध दिलंय का, हे मोठ्यानं विचारा. दिलं असेल तर आधी फ्लॅट पॅनल सीटी.

रक्तदाबाचं राहिलं. धमनी उघडल्यावर १८०/१०५च्या आत ठेवायचा, इथपर्यंत सगळे सहमत. त्यावरून 'मग आणखी कमी केला तर आणखी सुरक्षित' ही कल्पना दोन चाचण्यांनी पाडली. चीनच्या एनचँटेड२/एमटीमध्ये १२०च्या खालचं लक्ष्य आणि दक्षिण कोरियाच्या ऑप्टिमल-बीपीमध्ये १४०च्या खालचं, दोन्हीकडे रुग्णांचं नुकसान झालं आणि दोन्ही मध्येच थांबल्या. भोक पडलेलं असेल तो अपवाद, तिथे गळती थांबेपर्यंत खाली ठेवणं भाग आहे.

रात्रपाळी

मेंदूवर एवढं बोलणं झालं, जांघेचं कुणी काढलंच नाही. ८ फ्रेंचचं भोक आणि शरीरात गुठळी विरघळवणारं औषध, म्हणजे तीही धमनीची जखमच.

नोंदी: पहिले २ तास दर १५ मिनिटांनी, पुढचे ६ तास दर अर्ध्या तासानं, मग २४ तास पुरे होईपर्यंत तासाला. प्रत्येक वेळी रक्तदाब, शुद्ध, हातापायांची ताकद, आणि त्याबरोबरच जांघ आणि पावलावरची नाडी. पावलाची नाडी प्रक्रियेआधी पेनानं खूण करून ठेवा, नंतर 'आधी लागत होती का' हा वाद नको.

जांघेत गाठ आली तर वरून दिसते. पोटामागे साठणारं रक्त दिसत नाही. टोचणी इंग्वायनल लिगामेंटच्या (जांघेतल्या चिवट पट्ट्याच्या) वर गेली की ते होतं. पाठ किंवा कूस दुखते, नाडी वाढते, रक्तदाब उतरतो. पण वाचा गेलेला रुग्ण दुखतंय हे सांगूच शकत नाही, फक्त अस्वस्थ होतो आणि पाय पोटाशी घ्यायला बघतो. त्याला गुंगीचं औषध देण्याआधी हिमोग्लोबिन आणि पोटाचा सीटी. धडधडणारी, कानाला स्टेथोस्कोपमधून सळसळ ऐकू येणारी गाठ म्हणजे बहुधा धमनीबाहेर साठलेल्या रक्ताची पिशवी, खोटी अ‍ॅन्युरिझम. डॉपलर करा, बरीचशी सोनोग्राफीखाली थ्रोम्बिन टोचून मिटतात.

तारांगण

ताई, बरोबर. म्हणून टोचणी सोनोग्राफीखाली, मांडीच्या हाडाच्या डोक्यासमोर, २१ गेजच्या सुईनं. 'वेळ नाही' हे कारण इथे चालत नाही, प्रोब आधीच जंतुनाशक आवरणात तयार असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

चुंबकसूची

प्रतिमांबद्दल.

प्रक्रियेनंतर लगेचच्या सीटीत पांढरं दिसलं की रक्तस्राव म्हणून हाकाटी होते. खराब झालेल्या रक्त-मेंदू पडद्यातून डाय झिरपलेला असू शकतो. दुहेरी ऊर्जेचा सीटी असेल तर आयोडीन आणि रक्त वेगळे काढता येतात. नसेल तर २४ तासांनी पुन्हा: डाय एक-दोन दिवसांत विरतो, रक्त राहतं. आजूबाजूला दाब येत असेल, आकार वाढत असेल, तर रक्तच समजून चाला. प्लेटलेटविरोधी गोळ्या २४ तासांच्या सीटीनंतर, त्याआधी नाही. कायमचा स्टेंट बसवलेला असेल तिथे वेगळा निर्णय.

अहवालात नुसतं 'रक्तस्राव' लिहू नका. २०१५च्या हायडलबर्ग वर्गीकरणानं लिहा. ठिपक्यांचा रक्तस्राव आणि मेंदूच्या सुकलेल्या भागातली मोठी गाठ यांची कारणं मुख्यतः पुन्हा सुरू झालेल्या प्रवाहाशी जोडलेली असतात. सिल्व्हियन फटीतलं रक्त बहुधा ओढण्याची किंवा भोकाची निशाणी. दोन्ही एकाच शब्दात टाकले तर भिंतीची जखम कधीच मोजली जाणार नाही. मधलीरेघ यांची मूळ तक्रार तीच आहे.

आणखी एक. भिंतीच्या एमआरआयमध्ये थ्रोम्बेक्टमीनंतर धमनीभोवती सगळीकडून सारखं उजळलेलं कडं दिसतं, स्टेंटनंतर विशेष, आणि ते काही आठवडे टिकू शकतं. ज्याला प्रक्रियेचा इतिहास माहीत नाही तो रेडिओलॉजिस्ट त्याला धमनीदाह म्हणतो, आणि रुग्णाला विनाकारण स्टेरॉइड सुरू होतात. एमआरआयच्या विनंतीपत्रावर कोणत्या धमनीत, कोणत्या उपकरणानं, किती खेपा, एवढं लिहा.

डावीकडून

पुढे त्या जागी अरुंदी येते का?

चुंबकसूची

काहींत येते, बरीचशी लक्षणांशिवाय. म्हणून वारंवार अँजिओची गरज नसते. पण त्याच धमनीच्या क्षेत्रात नवा झटका आला तर 'पुन्हा हृदयातूनच गुठळी' असं गृहीत न धरता जुन्या ओढीची जागा सीटी अँजिओत मुद्दाम बघावी.

खडूसपरीक्षक

प्रक्रियेच्या टिपणात काय हवं यावर एकमत करू. माझी यादी: प्रत्येक खेपेचं उपकरण आणि माप, कुठून कुठपर्यंत ओढलं, खेपेनंतरची टिकी श्रेणी, वाहिनी आकसली का, फुगा किती मिली.

तारांगण

त्यात 'ओढताना धमनी सरकली का' हेही घाला. रोडमॅपवर स्टेंटबरोबर अख्खी एम१ खाली येताना दिसली तर ती खेप तिथेच सोडायची असते, मायक्रोकॅथेटर वर चढवून स्टेंट थोडा मिटवून. पण टिपणात ते कुणी लिहीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सिल्व्हियन फटीत रक्त दिसलं की सगळे तारेच्या भोकाचा शोध घेत बसतात.

मधलीरेघ

घातलं. आणि शेवटच्या अँजिओत मानेतली कॅरोटिड गाइड मागे घेतल्यावर बघितली का, हाही रकाना हवा. गाइड आत असताना ती सुटलेले पदर दाबून धरते. ते काढल्यावरच दिसतात.